फडावर पाठवलेले धडे

सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आले, दूध आटवायच्या गोळ्या घेतल्या आणि रजा शिल्लक असतानाच शाळेत हजर झाले. घरात बसून काय करायचं ते कळत नव्हतं, एवढंच कारण. सासूबाई म्हणाल्या, "इतक्यात काहून जायलीस? अंगात जरा ताकद येऊ दे." मी म्हणाले, "जाते." त्या दिवसांत माझ्याशी कुणी वाद घालत नसे.

आम्ही वसमतला राहतो. नवऱ्याचं तिथं मेडिकलचं दुकान आहे. माझी शाळा जवळा बाजारच्या रस्त्याला, फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. निम्मी मुलं गावातली, निम्मी शेजारच्या बंजारा तांड्यावरची. मी वरच्या वर्गांना विज्ञान आणि भूगोल शिकवते.

एसटीत रोजच्या ओळखीच्या बाया असायच्या. कुणी अंगणवाडीवर जाणारी, कुणी आरोग्य उपकेंद्रावर. मी एवढ्या लवकर परत आलेली बघून त्या विचारणारच होत्या. मी सुरुवातीलाच काय झालं ते सांगून टाकलं. मग त्या हळहळायच्या, माझ्या पाठीवर हात ठेवायच्या. मला त्याचा त्रास व्हायचा असं नाही. त्यांच्याकडे बघून आपला चेहरा कसा करावा ते मला सुचत नसे. म्हणून मी बसमध्ये चढल्याबरोबर कानात इअरफोन घालायला लागले.

गाणी ऐकवत नव्हती. फोनमध्ये शोधता शोधता मराठीतले पॉडकास्ट सापडले. दोघं जण बसून मुंग्यांबद्दल बोलतायत, समुद्राच्या तळाबद्दल बोलतायत. जुन्या काळी माणसं वेळ कशी मोजत त्याबद्दल एक बाई सांगतेय. मला कशाचंही चालायचं. बोलणं माझ्याबद्दल नसावं, इतकंच. फाटा येईपर्यंत मी ऐकत असे आणि खिडकीबाहेर बघत असे. हळदीची रानं जायची, कापसाची जायची.

वर्गात मात्र मलाच बोलायचं होतं. आधी माझा आवाज शाळेच्या गेटापर्यंत जायचा. आता वाक्य मध्येच थांबायचं. घसा चांगला होता. पुढचं वाक्य येत नसे, बस. मुलं वाट बघत राहायची. त्यांच्या घरी सगळं माहीत होतं, त्यामुळे ती कुजबुजतही नसत. मला ती शांतता बाहेरून दिसायची, दुसऱ्या कुणाच्या वर्गात डोकावल्यासारखी.

एकदा सातवीला खडक आणि माती शिकवत होते आणि तशीच थांबले. त्याच सकाळी बसमध्ये मी ज्वालामुखीवरचा एक भाग ऐकला होता. आमच्या शाळेत एक स्पीकर आहे, परिपाठाला आणि पंधरा ऑगस्टला लागतो. तो ऑफिसातून आणला, फोन जोडला आणि तो भाग लावला. मी खुर्चीवर बसले. मुलांना वाटलं काहीतरी कार्यक्रम आहे. ती आधी हसली, मग ऐकायला लागली.

भाग संपल्यावर मी सवयीनं विचारलं, "काय ऐकलं? कोण सांगणार?"

पुढच्या बाकावरचे हुशार म्हणवले जाणारे मुलगे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "ज्वालामुखीचं होतं मॅडम." दुसरा म्हणाला, "हे पुस्तकात कोणत्या पानावर आहे?"

खिडकीजवळ शेवटच्या बाकावर तांड्यावरची एक मुलगी बसायची. सातवीत आली होती, पण तिला वाचता येत नव्हतं. सुटा शब्द कधी लागायचा, ओळ लागायची नाही. अक्षरं जागा बदलतात, असं तिनं मला नंतर सांगितलं. घरी ती गोरमाटी ही बंजारा बोली बोलायची, आणि आधीच्या शिक्षकांनी त्यालाच कारण धरलं होतं. पण तिच्याच तांड्यावरच्या बाकीच्या मुली घडाघडा वाचत होत्या. तिला काही विचारलं की ती उभी राहायची आणि 'बस' म्हणेपर्यंत खाली बघत राहायची.

त्या दिवशी ती न विचारता उभी राहिली.

"मॅडम, आपली काळी माती पयले दगड होती. त्याच्या पयले पातळ आग होती, गुळाच्या पाकावानी. जमीन फुटून वर आली न् पसरली. थरावर थर. मग गार झाली. मग ऊन-पावसानं दगड झिजला न् माती झाली. लई लई वर्सं लागली त्याला. त्याच मातीत कापूस येतो."

गुळाचा पाक तिचा स्वतःचा होता. बाकी सगळं बरोबर होतं, क्रमसुद्धा. शेवटी तिनं त्या कार्यक्रमातल्या माणसासारखं "तर मित्रांनो" म्हटलं आणि वर्ग हसला.

मी विचारलं, "तुला हे आधी माहीत होतं?"

"न्हाई. आता त्यांनी सांगितलं ना."

ती खाली बसली. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. नळ चालू राहिलाय हे लक्षात यावं तसं लक्षात आलं की ही मुलगी ऐकून शिकते. सात वर्षं ती शाळेत येत होती आणि आम्ही सगळे तिला पुस्तक उघडायला सांगत होतो.

मग मी रोज काहीतरी लावायला लागले. एकदम सगळा भाग लावला की पोरं पेंगतात हे लवकरच कळलं. मग थोडं ऐकवायचं, थांबवायचं, विचारायचं, पुन्हा लावायचं. ऐकण्याआधी एक प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि तो मोठ्यानं म्हणायचाही, म्हणजे तिला कळेल. ऐकताना चित्र काढलं तरी चालेल असं सांगितलं. पुढच्या बाकावरच्यांना हे जड गेलं. लिहिलेलं समोर नसलं की त्यांचा हात सुटल्यासारखा व्हायचा. मागच्या बाकांवरची दोन-चार मुलं मात्र बोलायला लागली. ती वाचू शकत होती, पण वाचण्यातच त्यांचा सगळा दम जायचा आणि अर्थ मागे राहायचा.

हेडसर एकदा दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, वर्गात रेडिओ लावून राहिल्या का तुमी?"

"पॉडकास्ट आहे सर. पचनसंस्थेचा."

"तपासणीला साहेब आले अन् त्यांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"त्यांना मुलांना प्रश्न विचारू द्या."

अन्न जठरातून पुढे जाईपर्यंत ते दारातच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून स्पीकरचा चार्जर काढून माझ्या टेबलावर ठेवला. "पंधरा ऑगस्टपर्यंत टिकला पाहिजे," एवढंच म्हणाले.

ते कार्यक्रम शहरातल्या मुलांसाठी केलेले होते. त्यात लिफ्ट यायची, मॉल यायचा, सोसायटीचा गेट यायचा. दाब समजावताना लिफ्टचं उदाहरण आलं तेव्हा मुलं माझ्याकडे बघायला लागली. लिफ्टमध्ये बसलेलं कुणीच नव्हतं. म्हणून मी स्वतः रेकॉर्ड करायला लागले. शाळा भरायच्या आधी रिकाम्या वर्गात फोन पुढे ठेवायचा आणि बोलायचं. विहिरीच्या मोटारीचं उदाहरण, बैलगाडीच्या चाकाचं. समोर कुणी नसलं की वाक्य पूर्ण होत होतं. मला ते सोपं जायचं.

पहिल्यांदा माझं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा ती खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "मॅडम, फोनमधी तुमचा आवाज लई थंडा येतो."

"समजत नाही का?"

"समजतं ना. थंडा येतो फक्त."

दिवाळी तोंडावर आली तशी तांड्यावर उसाला जायची तयारी सुरू झाली. तिथली बरीच घरं दरवर्षी ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जातात आणि होळीच्या पुढेमागे परततात. मुलांना मागे ठेवलं तर त्यांच्या जेवणाची सोय शाळेत होते, म्हणून काही मुलं आजीआजोबांजवळ राहतात. ही मुलगी आदल्या वर्षी राहिली होती. या वर्षी तिची आई शाळेत आली.

ती व्हरांड्यात उभी होती. पदर पुढे ओढलेला होता तरी दिसत होतं. सहावा महिना असावा. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"म्याडम, पोरीला संगं न्यावं लागतंय."

"तिचं चांगलं चाललंय. ठेवा ना तिला."

"तिचं मला दिसून राहिलं. घरी येऊन सगळं बोलती. पर माझे दिवस फडावरच भरणार. तिथं मला कोन हाय?"

मी तिच्या पोटाकडे बघत होते. मला हेवा वाटला नाही, रडू आलं नाही. मी फक्त बघत होते आणि ती बघू देत होती. मग ती हळूच म्हणाली, "तुमचं ऐकलं म्या."

"हो," मी म्हणाले.

"काय तकलीफ झाली आसंल."

मी पुन्हा "हो" म्हणाले.

मुलगी आईच्या मागे उभी होती. तीच म्हणाली, "मॅडम, बापाच्या फोनवर पाठवा तुमी. मी ऐकीन."

तसंच ठरलं. मी वर्गात शिकवायचा धडा आधी रेकॉर्ड करायचे आणि तिच्या वडलांच्या फोनवर टाकायचे. उसाच्या फडावर नेटवर्क नसे. वडील बैलगाडी भरून कारखान्यावर गेले की तिथं रांगेत उभं असताना फोन चालू व्हायचा, माझे धडे त्यात उतरायचे आणि तिनं रेकॉर्ड करून ठेवलेली उत्तरं माझ्याकडे यायची. त्यामुळे कधी कितीतरी दिवस काहीच नसे, आणि मग एकदम लागोपाठ आवाज येत. त्या आवाजांत मागे वारा असायचा, कोयत्याचे खटाखट घाव, कुणीतरी बैलाला ओरडत असलेलं. मध्ये ती सांगायची. "मॅडम, आपवर्तन सांगते." शब्द चुकायचा, गोष्ट चुकायची नाही. चमचा पाण्यात वाकडा दिसतो हे तिनं पेल्यात पाणी घेऊन बघितलं होतं. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, संध्याकाळी आजूबाजूची मुलं तिच्याजवळ येऊन बसायची, तीही ऐकायची. तिथून माझे धडे दुसऱ्या फोनांत गेले. ओळख नसलेल्या एका माणसाचा मला फोन आला, त्याची मुलगी चौथीत होती आणि तो विचारत होता की चौथीचंही काही असतं का. मी चौथीचंही करायला लागले.

तिची उत्तरं मी वर्गात स्पीकरवर लावायचे. मुलांना ते आवडायचं. ती लांबून बोलतेय आणि आपण इथं ऐकतोय, हे त्यांना मोठं वाटायचं. ती काय चुकली ते शोधायला पुढच्या बाकावरचेही कान देऊन ऐकायचे.

थंडीतल्या एका दुपारी असंच मी आधी न ऐकता तिचं रेकॉर्डिंग लावलं. उष्णतेच्या वहनाबद्दल असणार होतं. सुरुवातीला खरखर झाली. मग ती म्हणाली, "मॅडम, याडीला पोरगी झाली." याडी म्हणजे आई. "दवाखान्यात नेऊन राहिले होते पर गाडीतच झाली. दोघी बऱ्या हायेत. ही बघा."

आणि वर्गात बाळ रडायला लागलं.

स्पीकर चांगला मोठा होता. तो आवाज भिंतींवरून परत येत होता. तांड्यावरच्या मुली आधी हसल्या, आणि मग सगळा वर्ग माझ्याकडे बघून एकदम थांबला. सगळ्यांना माहीत होतं. एक मुलगा उठून स्पीकरपाशी आला, त्याला बंद करायचा होता. मी त्याला बस म्हणाले. बाळ रडत राहिलं, दम घेऊन पुन्हा रडलं. मग ते लांब गेलं आणि मुलीचा आवाज आला, "तर मॅडम, लोखंडाचा तवा का तापतो न् लाकडाची मूठ काहून तापत न्हाई, ते सांगते."

तिनं सांगितलं. बरोबर सांगितलं. मी वर्गाला विचारलं, "ती काय काय म्हणाली?" हात वर झाले. मी तास पूर्ण केला. हातातला खडू मी कधी मोडला होता ते मला आठवत नाही, पण त्याचे तुकडे टेबलावर होते.

नंतर बसमध्ये मी ते पुन्हा ऐकलं. त्यानंतरही ऐकत राहिले. मला त्यातून काही हवं होतं असं नाही. पॉडकास्ट ऐकायचे तसंच मी ते ऐकत होते.

शनिवारी शाळा सकाळची असते. मी घरी आले होते आणि नवरा दुकानातून जेवायला आला होता. मी ओट्यापाशी भाकरी करत होते आणि बाजूला फोनवर ते रेकॉर्डिंग लावलेलं होतं. बाळ रडायला लागलं तसे ते आत आले.

"काय ऐकून राहिली?"

"वर्गातल्या मुलीचं आहे. तिच्या आईला मुलगी झाली."

"परत लाव."

मी लावलं. ते दाराला टेकून ऐकत उभे राहिले. संपल्यावर म्हणाले, "चांगलं रडून राहिली." थोड्या वेळानं म्हणाले, "आपली रडली न्हाई."

इतक्या महिन्यांत आम्ही त्यावर एक शब्द बोललो नव्हतो. बाळंतपणात मला गुंगी होती. मी तिला पाहिलंच नव्हतं आणि पाहायला मागितलंही नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही पाहिलं होतं?"

"व्हय. माझ्याच हातात दिलं त्यांनी."

"कशी होती?"

"केस लई होते डोक्यावर." त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात फिरवला. "इथपर्यंत."

"मग कुठं नेलं?"

"शेतात. लिंबाखाली. बापू होते संगं."

बापू म्हणजे माझे सासरे. तव्यावरची भाकरी करपली होती. मी ती उतरवली आणि दुसरी टाकली. ते जेवले, दुकानात गेले. मला वाटलं होतं की हे कळल्यावर आतून काहीतरी हलेल. तसं काही झालं नाही. पण रात्री झोप लागली, आणि केस होते ही गोष्ट मला आता माहीत होती.

फडावरून येणाऱ्या उत्तरांत आता ते बाळ असायचंच. "थांबा मॅडम, ही उठली," म्हणून रेकॉर्डिंग तुटायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मुलगी तिला मांडीवर घेऊन नकाशातल्या नद्या सांगायची. गोदावरी, पूर्णा, कयाधू. वर्ग ऐकत राहायचा. आता माझ्याकडे कुणी बघत नसे.

होळीनंतर ती परत आली. उंच झाली होती, हातांना पाचटाचे ओरखडे होते. परीक्षा जवळ आली होती आणि परीक्षा लेखीच होती. हेडसर म्हणाले, "तोंडी सगळं येतंय हे मी मान्य करतो मॅडम. पर पेपर कोरा आला तर मी तरी काय करू?" मी तालुक्याच्या विशेष शिक्षकांना फोन केला. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ते शाळांना भेटी देतात. ते आले, तिच्याकडून वाचून घेतलं, लिहून घेतलं, बराच वेळ तिच्याशी बोलत बसले. मग हेडसरांना म्हणाले, "हिची बुद्धी चांगली आहे सर. वाचायचीच अडचण आहे. असं असतं काही लेकरांचं. प्रश्न वाचून दाखवायला अन् उत्तर लिहायला एक जण देता येतो हिला."

हेडसरांनी तो दिला. सहावीतली एक मुलगी तिच्याशेजारी बसून प्रश्न वाचायची, ती कानात सांगायची आणि सहावीतली लिहायची. मी त्या खोलीत पर्यवेक्षक नव्हते. व्हरांड्यातून जाताना दोघींची डोकी एकत्र आलेली दिसली.

ती पास झाली. मराठीत कमी पडले, शुद्धलेखनात ती लिहिणाऱ्या मुलीच्या भरवशावर होती. विज्ञानात आणि भूगोलात चांगले मिळाले. तिच्या आईनं शाळेत येऊन बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी घेतलं. जड होतं. त्याच्या डोक्याला काजळाचा टिळा होता आणि माझ्या साडीला लागला. मी त्याला थोडा वेळ धरून बसले आणि मग परत दिलं.

आठवीला आमच्याकडे वर्ग नाही. जवळा बाजारच्या हायस्कूलमध्ये तिचं नाव घातलं तेव्हा मी तिच्या वडलांबरोबर गेले. तिथल्या वर्गशिक्षिकेला सगळं सांगितलं: हिला वाचून दाखवलं की सगळं येतं, धडा रेकॉर्ड करून दिलात तर फार बरं होईल. त्या माझ्याहून तरुण होत्या, टेबलावर वह्यांचा ढीग होता. म्हणाल्या, "वर्गात लेकरं खूप आहेत मॅडम. एकटीसाठी कसं करणार? बघू." मी म्हणाले, "एकटीसाठी करायला गेलं की बाकीचेही ऐकतात." त्यांनी मान हलवली. होकार होता की काय, ते मला कळलं नाही. बाहेर आल्यावर वडलांनी विचारलं, "व्हईल का म्याडम?" मी त्यांना खरं तेच सांगितलं, "माहीत नाही."

हायस्कूलमध्ये फोन नेऊ देत नाहीत. ती पहिल्या बाकावर बसते आणि एका मैत्रिणीशी तिनं ठरवून घेतलंय: मैत्रीण धडा वाचते, ही तिला समजावून सांगते. आठवीची पुस्तकं मी मागवून घेतली आहेत आणि जमेल तसे तिचे धडे करते. त्या वर्गशिक्षिकेनं अलीकडे एकदा माझा नंबर घेऊन विचारलं की विजेच्या धड्याचं रेकॉर्डिंग असेल तर पाठवता का. मी पाठवलं. त्यावर उत्तर आलं, 'मिळालं, थँक्यू.'

माझी सकाळ तशीच असते. शाळा भरायच्या आधी मी वर्गाचं दार लावून घेते. बाहेर सेविका झाडत असते, तिच्या खराट्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. तिला थांब म्हणावं असं सुरुवातीला वाटायचं, आता वाटत नाही. मी फोन पुढे ठेवते, धड्याचं नाव सांगते आणि बोलायला लागते.